विहिरीवरचा आरसेवाला

रुंकू गावच्या बायका स्पिरिदोनबद्दल बोलायला लागल्या की आधी त्याच्या मिशांबद्दल बोलायच्या, मग त्याच्याबद्दल, आणि वेळ उरलाच तर त्याच्या कामाबद्दल. मिशाच तशा होत्या. अक्रोडाचं तेल चोपडून, बोटांनी पीळ देऊन टोकं अशी वर वळवलेली, की देवळात धूप फिरवताना पोपा, म्हणजे आमचा पाद्री, त्याच्यापासून चार हात लांबून जातो, असं पांदेलेबाबा म्हणे. पांदेलेबाबा तोंडाला येईल ते म्हणे, पण गाव हसायचं, आणि स्पिरिदोनही हसायचा. आपल्या रूपाची थट्टा होतेय म्हणजे निदान रूप आहे, हे त्याला कळत होतं. चाळिशीला आला तरी लग्न नाही. चांगल्या घोड्याची घाईनं विक्री करत नाहीत, असं तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. आता बोला.

काम म्हणाल तर उजेड धरायचं.

आमच्या टेकड्यांत जमीन जरा खरवडली तरी काळं तेल पाझरतं. आजे-पणजे ते गाड्यांच्या आसांना फासत, गुडघ्यांना चोळत, आणि गुरांच्या गोचिडांवर लावत. पुढे प्लोयेश्त शहरात ते गाळायला लागले, बुखारेस्टच्या रस्त्यांवर त्याचे दिवे लागले, आणि शहरातल्या बायका त्या उजेडात नवे झगे मिरवू लागल्या. तेल येतं कुठून, हे त्यांना कशाला ठाऊक असेल? ते यायचं लेओन्तेसारख्यांच्या कुदळीतून.

विहीर म्हणजे माणूस जेमतेम मावेल असं सरळ खोल भोक. माती ढासळू नये म्हणून आतून हेझलच्या फांद्यांचा विणलेला कुड. तळाशी एक माणूस, डोक्यावर पत्र्याची टोपी, कमरेला दोर, आणि धोका वाटला तर ओढून वाजवायला दोराच्या वरच्या टोकाशी घंटा. वर घोडं रहाटाभोवती फिरणार, माती वर आणणार. शेजारी छपरीत कुणीतरी पायानं भाता दाबणार, म्हणजे नळातून खाली हवा जाईल. आणि दिवा? दिवा नेला तर खालचा माणूस, विहीर आणि वरची मंडळी सगळी एकदमच स्वर्गात पोचायची. म्हणून विहिरीच्या तोंडाशी एक जण मोठा आरसा घेऊन उभा राहायचा. वरचं ऊन झेलायचं आणि खाली सोडायचं. सूर्य सरकला की आरसा सरकवायचा. आभाळ भरून आलं की काम बंद.

तेलाबरोबर वायू यायचा. आता म्हणे त्याच्यावर शहरात सूप उकळतात. आमच्या वेळी तो नुसता माणसं मारायचा. आधी डोळ्यांपुढे अंधार, मग गुडघे जायचे, आणि मग दोर ओढून उपयोग नसायचा. थोडक्यात वाचून वर आलेला माणूस प्यायल्यासारखा झिंगलेला असायचा. हसायचा, रडायचा, लग्नातली गाणी म्हणायचा, आणि नको ती खरी गोष्ट बोलून मोकळा व्हायचा. कोण कुणाच्या गवताच्या गंजीत सापडलं, हे अर्ध्या गावाला विहिरीतून वर आलेल्यांकडूनच कळलेलं. कुणी झिंगून वर आला म्हटलं की बायका हातातलं टाकून धावायच्या. मदतीला, अर्थात.

तर लेओन्ते. ठेंगणा, बैलासारख्या मानेचा, कमी बोलणारा. पलीकडच्या दरीत तेलकंपनीनं खोदाईसाठी वाफेवर चालणारा लाकडी मनोरा उभारला होता, तरी अवघड विहीर म्हटली की लोक लेओन्तेलाच बोलवायचे. स्वतःच्या विहिरीवर भात्याला त्याची बायको वेतुरिया, घोड्यामागे पांदेलेबाबा, आणि आरशाला स्पिरिदोन. "तुझा हात हलत नाही," एवढंच लेओन्ते त्याला कधीतरी म्हणाला होता. ते ऐकून स्पिरिदोन आठवडाभर ताठ चालत होता.

चौघांचं जेवण साविना आणायची. साविना विधवा. तिचा नवरा दोन उन्हाळ्यांपूर्वी दुसऱ्याच एका विहिरीत वायूनं गेला होता. दिसायला नीटस, बोलायला तिखट, आणि मक्याच्या पिठाचा मामालिगा असा घट्ट करायची की दोऱ्यानं कापावा. स्पिरिदोनच्या वाट्याला चीजचा तुकडा मोठा येतो, हे सगळ्यांत आधी पांदेलेबाबानं हेरलं.

"काय गं, माझ्या ताटात चीज आहे की त्याची सावली?"

"तुम्हाला दात कुठेत, बाबा?" साविना म्हणाली.

"सावली चावायला दात कशाला लागतात?"

ती एकदा स्पिरिदोनला म्हणाली होती, "माझा माणूस खाली पडला, तेव्हा त्या आरसेवाल्यानं शेवटपर्यंत उजेड हलू दिला नाही. तो गेला, पण अंधारात गेला नाही. तुम्हा आरसेवाल्यांचं मला त्यासाठी कौतुक आहे." त्या दिवसापासून स्पिरिदोनच्या मनात लग्नाचे विचार सुरू झाले. कौतुक आपलं नव्हतं, दुसऱ्याच आरसेवाल्याचं होतं, हे त्यानं सोयीनं विसरून टाकलं.

ऑगस्टातली दुपार. ऊन असं की आरसा धरलेल्या हातांना चटके. लेओन्ते तळाशी खणत होता. वेतुरिया छपरीत भाता दाबत होती, पांदेलेबाबा घोड्याला शिव्या देत गोल फिरत होता. प्लमच्या बागेतल्या पायवाटेनं साविना टोपली घेऊन चढताना दिसली. डोक्याला नवा रुमाल, निळा.

स्पिरिदोनला घाम फुटला होता, आणि ओठावर काहीतरी गुळगुळीत ओघळल्यासारखं वाटलं. मिशीचं उजवं टोक खाली आलं असणार. आता ते तसंच लोंबतंय, आणि ती येतेय. माणसानं अशा वेळी काय करावं? दुसऱ्या कुणाच्या हातात निदान आरसा तरी नसतो.

फक्त बघायचं, त्यानं मनाशी म्हटलं. त्यानं आरसा वळवला.

टोक खरंच खाली आलं होतं. एका हातानं आरसा मांडीवर टेकवून त्यानं दुसऱ्या हाताच्या बोटांनी पीळ दिला. टोक पुन्हा घसरलं. पुन्हा दिला. घाईनं म्हटलेली प्रार्थना संपायला लागतो तेवढाच वेळ, जास्त नाही. तेवढ्यात दोराची घंटा अशी खणखणली की घोडं बिथरलं.

त्यानं आरसा झटकन विहिरीवर आणला. पांदेलेबाबानं घोडं हाकललं. लेओन्ते वर आला तो पांढराफटक, हात दोराला घट्ट आवळलेले. वेतुरियानं त्याला गवतावर बसवला, तोंड हुंगलं, डोळे उघडून पाहिले.

"अंधार झाला," लेओन्ते म्हणाला. "एकदम. डोक्यावर पोतं टाकावं तसा."

"गात तर नाहीस," पांदेलेबाबा वाकून म्हणाला. "हसतही नाहीस. वायू लागलेला माणूस एवढा शहाण्यासारखा बोलतो होय?"

"ढग आला होता का?"

"ढग? आभाळ बघ की. घासून ठेवलेलं ताट."

लेओन्तेनं मान वळवली. "स्पिरिदोन, उजेड होता ना रे माझ्यावर?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. साविना नुकतीच पोचली होती. टोपली हातातच, छाती धपापत होती. तिचीही नजर त्याच्यावर.

"होता, दादा," स्पिरिदोन म्हणाला. "पूर्ण वेळ."

झालं ते एवढंच. त्यात त्यानं कुणाला ढकललं नाही, कुणाचं घर जाळलं नाही. दोन-तीन शब्द. पण तेच शब्द त्याला पुढे घास गिळताना आठवायला लागले.

कारण लेओन्तेनं हिशेब मांडला तो अगदी सरळ. उजेड होता, तरी दिसलं नाही. म्हणजे डोळे गेले. वायूचा वास नाही, झिंग नाही, म्हणजे जुना वायू अंगात मुरलाय आणि आता डोळ्यांत येऊन बसलाय. दुसऱ्या दिवशी तो दोराला बांधून घेऊन उतरला, आणि पुरुषभरही खाली गेला नसेल तोच ओरडला, "वर घ्या!" तिसऱ्या दिवशी त्यानं दोर हातात घेतला आणि पुन्हा जागेवर ठेवला. मग विहिरीकडे आलाच नाही.

गाव कसं असतं हे मी सांगायला नको. ज्याच्यापुढे टोपी काढायचे, त्यालाच दारूच्या दुकानात विचारायला लागले, "काय लेओन्ते, दुपारी रात्र झाली की काय?" पोरींनी गाणं रचलं. रुंकूच्या म्हाताऱ्यांनी त्याच्या डोळ्यांत कसलेकसले काढे पिळले, त्यानं ते खरंच लाल झाले. घरात वेतुरियाचं वेगळंच. आधी रडली, मग चिडली. "डोळे चोळत बसू नकोस, लाकडं फोड. दिसत नसेल तर चाचपडून फोड!" हे शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं. लेओन्तेनं विहीर फळ्यांनी झाकली. आणि हिवाळ्याच्या तोंडाशी ज्याच्या कुदळीनं आख्ख्या टेकडीचं तेल वर आणलं, तो माणूस गाडीवर पिंपं चढवून खालच्या मैदानातल्या गावांत वंगण विकायला जाऊ लागला. दारोदार. बायका आत बोलवून घ्यायच्या नाहीत, कारण त्या पिंपांचा वास आठवडाभर जात नाही.

स्पिरिदोन काय करत होता? चांगुलपणा करत होता. लेओन्तेच्या घरची लाकडं यानं फोडली, छपराची गळकी कौलं बदलली, प्लमची पोती पोचवली, घोडीचे नाल ठोकून आणले. आणि गाव म्हणालं, "मित्र असावा तर असा!" पोपानं प्रवचनात नाव न घेता त्याचा दाखला दिला, आणि सगळ्यांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. स्पिरिदोनला त्या वेळी मागच्या दारानं निघून जावंसं वाटलं, पण आमच्या देवळाला मागचं दार नाही.

सांगायचा प्रयत्न त्यानं केला, नाही असं नाही. एकदा गाडीचा आस वंगणताना म्हणाला, "दादा, त्या दिवशी ना..."

"कुठल्या दिवशी?"

"त्या... दुपारी."

लेओन्तेच्या हातातलं फडकं थांबलं. "त्याचं नाव काढू नकोस. मला डोळे मिटायची भीती वाटते रे. माझ्याच बिछान्यात."

स्पिरिदोननं आस वंगणला. दुसऱ्या दिवशी त्यानं मिशा उतरवल्या. आरशाशिवाय, चाचपडत, तीन ठिकाणी कापून घेतलं. पांदेलेबाबानं पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "कोण वारलं रे घरात?"

साविना मात्र हसली. "माझ्यासाठी काढल्यास? मला त्या आवडायच्या की." आणि लगेच, घाईघाईनं, "पण असाही बरा दिसतोस." तिनंच विषय काढला, ईस्टरनंतर लग्नासाठी पोपाशी बोलावं का. स्पिरिदोन हो म्हणाला. ज्या बाईसाठी उन्हाळाभर मिशा पिळल्या तिनं स्वतः होऊन हात पुढे केला, आणि हा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. गावात बातमी पसरली की तो आनंदानं आजारी पडलाय.

मग ईस्टरआधीचा मोठा उपास लागायच्या आदल्या दिवसाचा रविवार आला. त्या रविवारी आमच्याकडे प्रार्थना झाली की प्रत्येकानं प्रत्येकापुढे वाकायचं आणि म्हणायचं, "मला माफ कर." समोरच्यानं म्हणायचं, "देव करो." कशाबद्दल, ते विचारायचं नाही, सांगायचंही नाही. सासू सुनेला, धनी गड्याला, पोपा सगळ्यांना. रांगच लागते. कुणाला मनापासून, कुणाला पाठ करून, पण म्हणावं लागतंच.

स्पिरिदोनला हा रविवार आठवडाभर आधी सुचला, आणि त्याच्या जिवात जीव आला. इथे बघा माणसाचं डोकं कसं चालतं! माफी मागायची, पण नाव घ्यायचं नाही. लेओन्ते "देव करो" म्हणणार, कारण म्हणावंच लागतं. म्हणजे माफी मिळाली. खरी, देवळात, सगळ्यांदेखत. देवाच्या दारात कोण कागद तपासतंय? त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी झोपला.

रांग सरकत सरकत लेओन्ते समोर आला. जाड कोट, वंगणाचा वास, लाल डोळे. स्पिरिदोन कमरेत वाकला. "मला माफ करा, दादा."

"देव करो," लेओन्ते म्हणाला.

हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. पण मिळालं ना, म्हणून तो पुढे सरकणार तोच लेओन्तेनं त्याचा दंड धरला. आणि तोही वाकला, त्या बैलाच्या मानेनं, पुरता.

"तूही मला माफ कर," लेओन्ते हळू म्हणाला. हळू म्हणजे त्याच्या मानानं. शेजारच्या चार जणांना ऐकू गेलं. "मी मनात तुझ्याबद्दल वाईट आणलं. ती साविना वर येत होती ना, मला वाटलं, यानं आरसा फिरवला असेल. मिशा बघायला. हिवाळाभर वाटत राहिलं. आणि तू माझी लाकडं फोडत होतास. मला लाज वाटते."

स्पिरिदोनचं तोंड उघडलं आणि त्यातून सवयीनं शब्द निघाले. "देव करो."

लेओन्ते पुढच्या माणसापुढे वाकला. रांग सरकली. स्पिरिदोन अजून कुणाकुणापुढे वाकला, कुणाला काय म्हणाला, त्याला काही कळलं नाही. कान तापले होते, भाजल्यासारखे. फसवून मिळवलेली माफी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आपण उदार होऊन दिलेली. त्या माणसाला त्याच्या खऱ्या संशयाची माफी आपण दिली!

बाहेर बर्फ अर्धवट वितळलेलं, अंगणात माणसं गटागटानं उभी. लेओन्ते वेतुरियाबरोबर फाटकाकडे निघाला होता. स्पिरिदोन धावला, घसरला, पुन्हा उठला.

"दादा! ती माफी परत घ्या."

"काय?"

"तुम्ही वाईट आणलं नाहीत मनात. खरं आणलंत. मी आरसा फिरवला होता."

साविना दोन पावलांवर होती.

लेओन्तेनं त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा, "म्हणजे वायू नव्हता?"

"नव्हता."

"डोळे?"

"तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, दादा. कधीच झालं नव्हतं."

लेओन्तेनं वर पाहिलं. मग देवळाच्या क्रूसाकडे, मग पलीकडच्या दरीतल्या कंपनीच्या मनोऱ्याकडे. प्रत्येक गोष्ट जणू नावानिशी ओळखत होता. "वेतुरिया," तो म्हणाला, "मला दिसतं गं." आणि ती, जिचा आवाज तीन घरांना ऐकू जायचा, ती त्याची बाही धरून उभी राहिली.

"मारा मला," स्पिरिदोन म्हणाला.

"कशाला? तुला बरं वाटावं म्हणून?" लेओन्तेचा आवाज चढला नव्हता. "हिवाळाभर ही उशीत तोंड घालून रडायची. मी जागा असायचो, आणि गप्प पडून राहायचो. मला वाटायचं, दोष माझ्या डोळ्यांचा. आता सांग, ते मी कुणाला परत मागू?"

पांदेलेबाबानं एक शब्द काढला नाही, आणि हे रुंकूत त्याआधी कधी घडलं नव्हतं.

साविना जवळ आली. त्याच्या उघड्या, कापल्याच्या खुणा असलेल्या ओठाकडे तिनं पाहिलं. "होता, दादा. पूर्ण वेळ," ती म्हणाली, अगदी त्याच्याच सुरात. मग रुमाल सारखा केला आणि टेकडी उतरून गेली. ईस्टरनंतर पोपाकडे कुणी गेलं नाही.

बर्फ सरल्यावर लेओन्तेनं विहिरीवरच्या फळ्या काढल्या. आरसा पांदेलेबाबाच्या सुनेनं धरला. स्पिरिदोनला कुणी येऊ नको म्हटलं नाही. फक्त तो वाटेवर दिसला की वेतुरियाचा पाय भात्यावर थांबायचा, आणि तो वळून जाईपर्यंत थांबलेला राहायचा. भाता थांबला की खालचा माणूस गुदमरतो, म्हणून तो लगेच वळायचा.

एका सकाळी लेओन्तेच त्याच्या दारी आला. गाडी, घोडी आणि पिंपं घेऊन. आत आला नाही.

"मैदानातली गिऱ्हाइकं वाट बघतात. मला आता वेळ नाही. घोडी उतारावर ओढते, लगाम आखूड धर."

एवढं बोलून गेला. ही शिक्षा होती की नुसती गरज, यावर रुंकूत बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर लेओन्तेला खरंच वेळ नव्हता.

मैदानातली गावं सपाट, लांबलचक, आणि तिथे स्पिरिदोनला कुणीही ओळखत नव्हतं. पहिल्याच फाटकाशी एक जाडजूड बाई डबा घेऊन आली. "अगं बाई, नवा माणूस! तो लाल डोळ्यांचा कुठे गेला? बिचारा. डोळे गेले म्हणून विहीर सुटली म्हणे."

"बरा झाला," स्पिरिदोन म्हणाला. "परत विहिरीवर गेला."

"देवा! मी मेणबत्ती लावली होती त्याच्यासाठी. तुम्ही त्याचे मित्र वाटतं? चेहऱ्यावरूनच कळतं."

तिनं डबा भरून घेतला, वर उकडलेलं अंडं दिलं, आणि तो निघाला. गाव संपलं. दोन्ही बाजूंनी मक्याची कोवळी रोपं. इथे त्याला हवं ते होता येणार होतं, फाटकाफाटकाशी, मरेपर्यंत. अंडं हातातच राहिलं. त्यानं लगाम ओढला, घोडीनं नाखुशीनं मान हलवली, आणि गाडी त्या अरुंद वाटेवर कशीबशी उलटी फिरली.

बाई अजून अंगणातच होती. "काय झालं? कमी भरलंत की काय?"

"नाही. हे अंडं ठेवा." तो गाडीवरून उतरला, टोपी काढली. "त्याचे डोळे गेलेच नव्हते. मी सांगतो काय झालं ते."

त्यानं सांगितलं. मिशांपाशी तो अडखळला, पण तेही सांगितलं. बाईनं डबा खाली ठेवला. तोंडावर हात धरला. मग मागे वळून घराकडे जोरात हाक मारली, "आत्याबाई! शेजारच्या दोघींनाही बोलवा. लवकर बाहेर या." आणि याच्याकडे वळून, "तुम्ही थांबा हं. त्यांना येऊ दे, मग पहिल्यापासून सांगा."

स्पिरिदोन टोपी हातात घेऊन उन्हात उभा राहिला. त्या आल्या, ओल्या हातांनी, एकीच्या कडेवर मूल. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.